दुमडलेली ओळ

कवितेतील ओळ कशी घडते, या प्रश्नाचा छंदोरचनेच्या अंगाने आपल्याकडे पुष्कळ विचार झाला आहे. ती ओळ कोणाची, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. कारण कवितेची ओळ कवीचीच असणार, हे आपण गृहीत धरतो. छापील पानावर मात्र ओळ दोन अगदी वेगळ्या कारणांनी संपते. लेखकाने ती संपवली म्हणून संपते, किंवा कागद संपला म्हणून संपते. वाचकाच्या डोळ्याला या दोन्ही घटना सारख्याच दिसतात, आणि प्रश्नाचे मूळ या सारखेपणात आहे. एखादा समीक्षक लिहून जातो की येथे ओळ तुटते, आणि या तुटण्यातून निवेदकाच्या जगण्यातले खंडितपण सूचित होते. ती ओळ कवीऐवजी डेमी आकाराच्या पानाने तोडलेली असेल, तर त्या विवेचनाचे काय करायचे? आणि तोडताना ‘हे आम्ही तोडले’ असे पानाने कोठेही सांगितले नसेल, तर दोष कोणाचा?

संगणकावरचा साध्यातला साधा मजकूर-संपादक घेतला तरी हा भेद हाती लागतो. विंडोजबरोबर येणाऱ्या नोटपॅडमध्ये लेखक एंटरची कळ दाबतो, तेव्हा मजकुरात दोन अदृश्य खुणा नोंदवल्या जातात. त्यांचे संकेतांक १३ आणि १०. पहिली खूण दूरमुद्रकाचा सरकता गाडा ओळीच्या आरंभी परत आणण्यासाठी होती, दुसरी कागद एक ओळ वर सरकवण्यासाठी. यंत्रे गेली, त्यांच्या हालचालींच्या आज्ञा मजकुरात राहिल्या. ही संहितेतली ओळ. याच प्रोग्राममध्ये ‘वर्ड रॅप’ नावाची सोय आहे. ती चालू केली की लांब ओळ पडद्याच्या कडेशी येऊन खाली वळते. खिडकी अरुंद करा, ओळी वाढतात. रुंद करा, कमी होतात. संहितेत मात्र एकाही खुणेची भर पडत नाही. ही पडद्याची ओळ. छपाईची आज्ञा दिल्यावर तिसरीच ओळ जन्माला येते. पडद्यावरच्या दुमडीचा तिच्याशी काही संबंध नसतो. कागदाची रुंदी, दोन्ही बाजूंना सोडलेला समास आणि टंकाचा आकार यांच्या हिशेबाने ती ठरते. (अक्षरे जिथे एकत्र येतात तोही समास आणि जिथे ती जाऊ नयेत ती कोरी जागाही समासच, ही मराठीची गंमत येथे आठवावी.) एकाच मजकुराच्या तीन ओळी झाल्या, आणि वाचकाच्या हाती छापून पडते ती शेवटची.

संहितेची ओळ कागदाहून लांब असेल तर छापणाऱ्यापुढे मोजके मार्ग उरतात. जादा भाग कापून टाकावा, अक्षर बारीक करावे, कागद आडवा धरावा, किंवा ओळ दुमडावी. अक्षर बारीक करण्याचा भार वाचकाच्या डोळ्यांवर पडतो, कागद आडवा धरण्याचा भार छापणाऱ्याच्या खर्चावर; लेखकाचे नुकसान दोन्हींत होत नाही, म्हणून त्यांचा अधिक विचार करण्याचे कारण नाही. कापणे हा मार्ग कोणी शहाणा माणूस पत्करील असे वाटत नाही. पण संगणनाच्या इतिहासात तो दीर्घकाळ राजमान्य होता. १९५७ साली वापरात आलेल्या फोरट्रान या भाषेतली आज्ञा ८० स्तंभांच्या छिद्रपत्रावर लिहीत. तिच्यासाठी सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंतचे स्तंभ राखलेले होते. आज्ञा त्यात मावली नाही तर पुढच्या पत्रावर सहाव्या स्तंभात खूण करून ती चालू ठेवायची, म्हणजे दुमडीची कबुली लेखकानेच द्यायची. बहात्तराच्या पलीकडे काही लिहिले गेले तर ते वाचलेच जात नसे. त्यामुळे वाक्य अपुरे राहून चूक उघडकीस आली तर सुदैव म्हणायचे. सीमारेषेवर एखादा मोठा आकडा तुटला, तर उरलेला लहान आकडा बिनतक्रार खरा मानला जाई. कापणे वाईटच, त्यातही न सांगता कापणे अधिक वाईट. कारण मग जे उरते ते पूर्ण असल्याचा आव आणते.

दुमडण्यात एकही अक्षर गळत नाही. म्हणूनच ती निरुपद्रवी समजली जाते, आणि तिची नैतिक तपासणी होत नाही.

आपल्या परंपरेत ही समजूत दीर्घकाळ योग्यही होती. जुन्या पोथ्यांत ओवी पानाच्या या समासापासून त्या समासापर्यंत सलग वाहते. चरण संपला म्हणून ओळ संपत नाही. ओवी संपल्याची खूण दोन दंड आणि मधला अंक एवढीच. पान संपले की शब्द मध्येच तुटतो आणि उरलेली अक्षरे पुढच्या ओळीत जातात. मोडी लिहिणारा तर आधी पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई; शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याचीही प्रथा नव्हती. यात लेखनिकाकडून काही अपराध घडला का? मुळीच नाही. ग्रंथिक ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची मोजणी, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. ऐकणाऱ्याला ओळ कोठे संपली हे कानाने कळते. ओळीची राखण नाद करीत होता, कागदावर ती जबाबदारी नव्हतीच. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांचा चरण अरुंद पानावर दुमडला गेला, तरी वृत्त कानात असलेला वाचक तो न अडखळता पुन्हा उलगडतो. संस्कृत पोथ्यांच्या शेवटी लेखनिक परंपरेने सांगत आला की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. हे सांगताना त्याच्या मनात अक्षरे होती. ओळी कोठे मोडल्या याबद्दल त्याने क्षमा मागितली नाही, आणि मागण्याची गरजही नव्हती.

नादाचा आधार अंशतः सुटला की काय होते, याचे उदाहरण इंग्रजीत आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या फोलिओ आवृत्तीत जुळाऱ्यांना हस्तलिखित किती पानांत बसेल याचा अंदाज आधी बांधावा लागे; कारण पाने वाचनाच्या क्रमाने जुळवली जात नसत. अंदाज चुकला की जागेची तडजोड करणे भाग पडे. जागा कमी पडली तर पद्याच्या ओळी गद्यासारख्या सलग लावायच्या, जास्त उरली तर गद्य पद्यासारखे तोडून पसरायचे. ‘किंग लिअर’च्या १६०८ सालच्या आवृत्तीतही पद्याचा बराच भाग गद्यासारखा छापला गेला. तेव्हापासून संपादकांच्या पिढ्या या ओळी पुन्हा लावण्यात खर्ची पडल्या. पंचमात्रक चालीचा अदमास असल्याने हे काम निदान शक्य तरी झाले. अदमासाला काहीच आधार नसता, तर हरवलेली ओळ कोणत्या पुराव्यावर परत मिळवली असती?

आधुनिक मराठी कविता नेमकी याच ठिकाणी येऊन उभी राहिली. अनिलांच्या ‘फुलवात’ने १९३२ साली मुक्तछंदाला वाट करून दिली आणि १९४० साली ‘भग्नमूर्ती’ने तो दीर्घ रचनेत नेला. त्या मुक्तछंदात लयीचे आवर्तन होते, म्हणून तेथे ओळ काही अंशी तरी कानाला सापडे. पुढच्या गद्यलयीच्या कवितेने हाही आधार सोडला. आता ओळीचे अस्तित्व फक्त दोन गोष्टींवर अवलंबून राहिले: कवीने ती जेथे संपवली ती जागा, आणि ती जागा तशीच राखणारे पान. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) लांब श्वासाच्या ओळी घ्याव्यात, किंवा अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त (१९७६) जेजुरी आणि रेल्वे स्टेशन यांच्यामध्ये नाचणाऱ्या कोंबड्यांसाठी पानभर वरखाली उधळलेले शब्द घ्यावेत. कोलटकर व्यवसायाने दृश्यकलावंत होते, आणि त्या पानावर मोकळी जागाही अक्षरासारखी लिहिली आहे. असे पान दुमडले तर अक्षरे शाबूत राहतील, पण कोंबड्या नाचायच्या थांबतील.

म्हणजे छंदाने जी जबाबदारी सोडली ती कागदाकडे आली. ही ठेव आहे, आणि ठेवीसंबंधीचा विचार आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी केला. मनूच्या अठरा व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप येतो. ठेव जशी दिली तशी परत द्यावी, एवढा त्याचा गाभा. याज्ञवल्क्याने त्यात एक सूक्ष्म प्रकार वेगळा काढला आहे: आत काय आहे हे न सांगता, बंद पात्रात घालून दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. तिला उपनिधी म्हणतात, आणि तीही जशीच्या तशी परत करायची. मजकूर-संपादकाच्या हाती येणारी संहिता मला अशा उपनिधीसारखी वाटते. ती गद्य आहे की पद्य, हिशेब आहे की विलाप, हे त्या प्रोग्रामला ठाऊक नसते. त्याला दिसतात ती अक्षरे, मोकळ्या जागा, आणि तेरा-दहाच्या खुणा. न्यासधाऱ्याच्या अज्ञानाने त्याचे कर्तव्य कमी होत नाही. उलट आतली वस्तू माहीत नसल्यामुळेच मोहर न फोडण्याचे बंधन अधिक कडक होते.

यावर दोन गंभीर आक्षेप घेता येतील.

पहिला तात्त्विक आहे. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये (१९६८) चित्र आणि साहित्यकृती यांत मूलभूत भेद केला. चित्राची नक्कल म्हणजे मूळ चित्र नव्हे. कवितेची अचूक प्रत मात्र ती कविताच असते, कारण तिची ओळख अक्षरे, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांच्या क्रमात सामावलेली असते. क्रम तोच तर कृती तीच. या हिशेबाने दुमडलेल्या ओळीची कविता आणि सरळ ओळीची कविता एकच ठरते. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५०–५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठचिकित्सेवरील निबंधात पाठातील सारभूत आणि आनुषंगिक घटक वेगळे काढले. शब्द सारभूत, तर वर्णलेखन, विरामचिन्हे वगैरे आनुषंगिक. ओळ मोडणे त्यांच्या यादीत बसवायचे झाले तर आनुषंगिकांत, तेही शेवटी, बसेल. मला वाटते, या दोन्ही मांडण्यांच्या पाठीशी गद्याचे आणि छंदोबद्ध पद्याचे अनुभव आहेत. ओळीची राखण जेथे दुसरे कोणी करते, तेथे ओळ आनुषंगिकच असते. गद्यलयीच्या कवितेत मात्र ओळ संपणे हेच विरामचिन्ह असते, आणि पुष्कळदा ते एकमेव असते. गुडमन यांच्या यादीत विरामचिन्हांना स्थान आहे. मग हे चिन्ह केवळ शाईने लिहिलेले नाही म्हणून वगळायचे का? कोणता घटक सारभूत आणि कोणता आनुषंगिक, हे सर्व कृतींसाठी एकदाच ठरवता येत नाही. कृतीने आपला भार कोणत्या घटकावर टाकला आहे, हे पाहूनच ते ठरते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आणि मला अधिक अवघड वाटणारा आहे. कवीची ओळ तरी कोठे शुद्ध स्वेच्छेने जन्मते? वहीच्या रुंदीने, टंकलेखन यंत्राच्या घंटेने, पाठकोऱ्या कागदाच्या आकाराने ती आधीच घडलेली असते. अमेरिकन कवी ए. आर. अ‍ॅमन्स यांनी ‘टेप फॉर द टर्न ऑफ द इयर’ हे दीर्घकाव्य बेरजेच्या यंत्रात घालतात त्या कागदी पट्टीच्या गुंडाळीवर लिहिले. ते पुस्तकरूपाने १९६५ साली आले. पट्टीची रुंदी म्हणजे ओळीची कमाल मर्यादा. मग छापणाऱ्याच्या कागदाने ओळ आणखी थोडी आखूड केली तर बिघडले कोठे? पहिला कागद निर्दोष आणि दुसरा अपराधी, हे कसे?

या आक्षेपाचे उत्तर ओळीच्या उगमात शोधू गेल्यास सापडणार नाही. कवीची ओळही कागदाने घडवलेली असते, हे मान्य करावेच लागेल. भेद आहे तो संमतीचा. अ‍ॅमन्स यांनी ती पट्टी निवडली, तिची अडवणूक ओळीओळीला अनुभवली, आणि जी ओळ उरली ती आपली म्हणून स्वीकारली. छपाईच्या कागदाची अडवणूक कवीच्या पश्चात घडते. तिच्याशी झुंजण्याची वा तिला वश होण्याची संधी त्याला मिळालेली नसते. वॉल्ट व्हिटमन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. ते स्वतः मुद्रणाचा व्यवसाय शिकलेले होते. ‘लीव्ह्‌ज ऑफ ग्रास’च्या १८५५ सालच्या पहिल्या आवृत्तीचे काही खिळे त्यांनी आपल्या हातांनी जुळवले. ती आवृत्ती मोठ्या आकाराच्या पानांवर निघाली, कारण ओळी लांब होत्या. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती खिशात मावेल एवढ्या आकारात आली. ओळी दुमडणे अपरिहार्य झाले आणि दुमडलेला भाग आत सरकवून लावला गेला. आत सरकवलेला तो भाग वाचकाला सांगतो की ही नवी ओळ नव्हे, मागचीच पुढे आली आहे. कवीला मोठे पान हवे होते आणि खिशात जाणारे पुस्तकही हवे होते. दोन्ही एकत्र मिळेनात, तेव्हा त्याने कबुलीची ही खूण पत्करली.

याउलट गद्याच्या लेखकाने आपला हक्क आधीच सोडलेला असतो. परिच्छेद कोठे संपतो एवढे तो स्वतःकडे ठेवतो, ओळी कागदाला देऊन टाकतो. हे दान एवढे सरसकट आहे की दाता ते विसरला आहे. डोनाल्ड कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली परिच्छेद ओळींत मोडण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती या दानाचा सर्वांत सुसंस्कृत विनियोग म्हणावी लागेल. साधा प्रोग्राम ओळ भरली की मोडतो आणि पुढे जातो. मागे वळून पाहत नाही. कनूथ यांच्या टेकमध्ये सबंध परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. पहिली ओळ कोठे मोडावी हे शेवटच्या ओळीवर होणारा परिणाम पाहून ठरते. प्रत्येक संभाव्य मोडीला दोषांक दिले जातात आणि ज्या मांडणीत एकूण दोष सर्वांत कमी ती निवडली जाते. तेथली परिभाषा ‘बॅडनेस’, ‘पेनल्टी’, ‘डिमेरिट्स’ अशी न्यायालयी आहे. ओळीच्या दोन्ही कडा जुळवण्यालाही इंग्रजीत ‘जस्टिफिकेशन’च म्हणतात. परंतु या न्यायालयात फिर्यादी एकटा डोळा असतो. दोष मोजला जातो तो शब्दांमधल्या अंतराच्या ओढाताणीचा. लेखकाची तक्रार तेथे दाखल होत नाही, कारण गद्यात ती असणार नाही असे धरून चालले आहे. पद्यासाठी तेथेही प्रत्येक ओळीच्या शेवटी लेखकाला स्वतःची खूण करावी लागते.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर यंत्राचे अज्ञान आणखी एक पायरी खाली होते. युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेवसारख्या टंकांत देवनागरीची अर्धी अक्षरे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असत. अर्धा ‘ध’ तिरप्या रेघेच्या जागी, अर्धा ‘ख’ चौकटी कंसाच्या जागी, अर्धा ‘घ’ प्रश्नचिन्हाच्या जागी. वाचकाला ‘धर्म’ दिसे. यंत्राच्या लेखी तो तिरप्या रेघेपासून सुरू होणारा निरर्थक चिन्हसमूह असे. ओळ कोठे वळवावी याचे नियम ज्या प्रोग्रामला रोमन विरामचिन्हांवरून ठाऊक होते, त्याने हे अक्षर अक्षर म्हणून ओळखावे अशी अपेक्षाच करता येत नव्हती. मोहरबंद पात्राची उपमा येथे अक्षरशः लागू पडते.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, तो छापील पानामुळे नव्हे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कविता वाचली जाते, तेथे अक्षराचा आकार वाचक ठरवतो आणि त्याबरोबर ओळीही. एकाच कवितेला वाचकागणिक वेगळ्या ओळी मिळतात, आणि त्यांतल्या कवीच्या कोणत्या हे पडदा सांगत नाही. पण ही दुमड मऊ आहे. मूळ संहितेत खुणा शाबूत असतात. खरे अनिष्ट घडते ते छापील पानाच्या पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे डकवताना. तेथे कागदाची प्रत्येक मोड तेरा-दहाच्या खुणेसारखी पक्की होऊन संहितेत शिरू शकते. कालपर्यंत जो पानाचा अपघात होता तो आज कवीचा निर्णय म्हणून वावरू लागतो. अशी प्रत हातोहात पसरली की दोन प्रकारच्या मोडींतला फरक ओळखण्याचे साधन उरत नाही, आणि मूळ पुस्तक दुर्मीळ असेल तर ते कायमचेच उरत नाही. अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, हे व्यवहारपद मनूने निक्षेपाच्या लगेच पुढे ठेवले आहे, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

ही हानी टाळणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. १९९९ साली ई-पत्रांसाठी एक संकेत मांडला गेला: प्रोग्रामने मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवायची, लेखकाने मोडलेल्या ओळीच्या शेवटी ठेवायची नाही. वाचकाला ती दिसत नाही, पण घेणाऱ्या यंत्राला ओळ पुन्हा सांधता येते. ईमॅक्स या जुन्या संपादकात ओळ दुमडली की कडेला वाकडा बाण उमटतो आणि ओळीचा भाग नजरेआड झाला असेल तर सरळ बाण. दुमडणे आणि झाकणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि यंत्र दोन्हींची वेगवेगळी कबुली देते. २००९ साली त्याच ईमॅक्समध्ये शब्दाच्या सीमेवर ओळ वळवणारी नवी पद्धत आली, तेव्हा हे बाण मुळात बंद ठेवलेले होते. हवे असल्यास वापरणाऱ्याने चालू करावेत. पान नीटस दिसावे हा हेतू उघड आहे. नीटसपणासाठी कबुली मागे घेतली गेली, आणि कोणाला त्यात काही गैर वाटले नाही.

यहुदी लेखनिकांच्या परंपरेत तोराच्या गुंडाळीवर समुद्र ओलांडल्यानंतरचे गीत विटांच्या बांधकामासारख्या ठरलेल्या रचनेतच लिहावे लागते. मजकूर आणि मोकळी जागा यांची आलटून-पालटून रचना नियमाने बांधलेली आहे. ते गीत गद्यासारखे सलग लिहिले तर एकही अक्षर न चुकता सबंध गुंडाळी वाचनाला अपात्र ठरते. आपल्याकडे ओवीला अशा संरक्षणाची गरज पडली नाही, म्हणून असा नियमही घडला नाही. गरज निर्माण होऊन आता पाऊणशे वर्षे उलटली. निवडक कवितांचे संपादन करणाराने मूळ संग्रहातली ओळ पानात मावली नाही तर ती दुमडून उरलेला भाग आत सरकवावा, आणि असे कोठे कोठे केले आहे हे प्रस्तावनेत सांगावे, एवढी अपेक्षा मोठी नाही. समीक्षकाने ओळीच्या मोडण्यावर एखादे विधान उभे करण्यापूर्वी ती ओळ मूळ आवृत्तीत, आणि मूळ आवृत्तीचे पानही अरुंद असेल तर नियतकालिकातील पहिल्या प्रसिद्धीत किंवा हस्तलिखितात, कोठे संपते हे पाहिले पाहिजे. तीनही ठिकाणी ती वेगवेगळ्या जागी संपत असेल, तर कवीने कोणत्या मोडीला संमती दिली हे ठरवण्याचे काम उरतेच, आणि ते त्या-त्या कवितेपुरतेच करता येते.